सात किलोंचा गोळा, पाच किलोंचे धान्य

जव्हारहून मोखाड्याकडे भल्या पहाटे निघालात, तर धुक्यातून धावत येणारी पोरे-पोरी दिसतात. पायांत बूट असतीलच असे नाही. कुणाच्या हातात लोखंडी गोळा, तर कुणी तेवढ्याच वजनाचा दगड घेतलेला. ही सारी पोलीस भरतीची तयारी. गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या एकाशी मी बोलत बसलो होतो. दोन वर्षे तो नेमाने व्यायाम करतो आहे. अडचण काय, असे विचारले तेव्हा तो धावण्याबद्दल अवाक्षरही बोलला नाही. दिवसभर भूक लागलेली असते, रात्री भाताने पोट गच्च भरले तरी ती हटत नाही, एवढेच त्याने सांगितले.

जव्हार-मोखाडा आणि भूक हे शब्द एकत्र आले की आपल्याला वावर-वांगणी आठवते. १९९२-९३ साली तिथे शंभराहून अधिक बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तीच जखम पुन्हा उघडी केली. मात्र धडधाकट दिसणाऱ्या, जोर-बैठका काढणाऱ्या तरुणाची भूक कुणाच्या लेखी आहे काय?

हिशेब मांडून पाहू. भरतीत मुलांना ७.२६ किलोंचा गोळा फेकावा लागतो आणि १६०० मीटर धावावे लागते. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला मिळते माणशी महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. सारा तांदूळच धरला, तर त्यातून पावणेसहाशे उष्मांक आणि बारा-तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या, व्यायाम न करणाऱ्या माणसालाही दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. ताकद कमावणाऱ्याला ८० ग्रॅमच्या पुढे. उरलेले शेतातून किंवा बाजारातून आणायचे. शेतातली नाचणी, वरई आणि उडीद काही महिनेच पुरतात. दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर जातात आणि पोरगा सरावासाठी मागे राहिला, तर मजुरीही बुडते.

भाताने पोट फुगते, पण व्यायामाने झिजलेले स्नायू भरून काढायला लागणारा माल त्यात थोडा. म्हणून भूक परतून येते. तिला खादाडपणा समजून दाबू नये. ती शरीराने केलेली मागणी आहे. ती पुरी झाली नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते आणि सराव वाढवावा तशी ताकद घटते. उपाय घरातलेच आहेत. भाताबरोबर उडदाची किंवा कुळथाची घट्ट आमटी, सुकट, मूठभर शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडी. आणि सराव संपताच खाणे. ज्या दिवशी घरात काही नाही, त्या दिवशी गोळा खाली ठेवणे हेच शहाणपण.

पण सगळा भार त्या पोराच्या शहाणपणावर टाकून कसे चालेल? अमृत आहार योजनेतून २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी वा केळी देण्याचे ठरले. आश्रमशाळेत शिकेपर्यंत ताट मिळते. शाळा संपली की ताटही संपते. नेमके त्याच वयात सरकार त्याला मैदानावर बोलावते आणि घड्याळ लावते.

मोजमापाची गोष्ट तर आणखी मागची आहे. भरतीसाठी साधारणपणे मुलाची उंची १६५ सेंटिमीटर लागते, मुलीची १५५. जन्माआधीपासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत जे खाणे पोटात जात नाही, त्याने खुंटलेली उंची पुढे कितीही जोर काढले तरी सहसा भरून येत नाही. म्हणजे उमेदवार रांगेत उभा राहण्याआधी अठरा वर्षे अंगणवाडीतच त्याची परीक्षा होऊन गेलेली असते.

आश्रमशाळांची स्वयंपाकघरे आहेत, भांडी आहेत, आचारी आहेत. सरावाला येणाऱ्या पोरांसाठी सकाळी तिथेच उसळ, नाचणीची भाकरी आणि दोन अंडी देणे ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नव्हे. कुपोषणाने मेलेली मुले मोजायला आपण शिकलो. त्यातून जगून वाचलेली, आता पहाटे अंधारात दगड उचलणारी मुले कधी मोजणार?