गठ्ठ्याचा भाव आणि सुट्या अंकाची गत

डिसेंबर उजाडला की आकुर्डी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या महाविद्यालयांत ग्रंथालय समित्यांपुढे येत्या वर्षाच्या नियतकालिकांची यादी येते. बैठक फार वेळ चालत नाही. मोठ्या प्रकाशकांच्या ई-नियतकालिकांचा करार आधीच ठरलेला असतो. चर्चा होते ती उरलेल्या रकमेत बसवावयाच्या चार-दोन मराठी मासिके-त्रैमासिकांवर, आणि बहुधा त्यांतलेच एखादे वगळले जाते. त्याची वर्गणी काही शे रुपयांची असते.

यात ग्रंथपालाचा आकस असतो असे नव्हे. दोष खरेदीच्या रचनेत आहे. मोठे प्रकाशक आपली शेकडो नियतकालिके एका गठ्ठ्यात विकतात. त्यांतली पन्नास कोणी उघडूनही पाहत नसले, तरी ती वगळून बिल पन्नासांनी कमी होत नाही. उलट लहान संस्थेचे एकुलते एक त्रैमासिक बंद केले, की त्याची वर्गणी पुरेपूर वाचते. म्हणजे काटकसरीची वेळ आली की निरुपयोगी ते वगळले जात नाही, सुटे ते वगळले जाते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे गणित कळावे. समितीच्या इतिवृत्तात मात्र ते ‘निधीअभावी’ या एका शब्दात मिटते.

अभियांत्रिकी शिक्षणात तर ही सक्तीच होती. २०१० नंतरच्या काही वर्षांत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यता-पुस्तिकेने ठराविक मोठ्या प्रकाशकांचे ई-संच घेणे महाविद्यालयांवर बंधनकारक केले होते. ज्या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची दाटी आहे, तेथे ग्रंथालयाच्या पैशाला पडलेले ते वळण सहजी मोडणारे नव्हते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. धनिक विद्यापीठांपुरते असलेले संशोधन सामान्य सरकारी महाविद्यालयापर्यंत पोहोचणे स्वागतार्हच होय. पण पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे; पिंपरी-चिंचवड परिसरातील बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांच्या मालकीची आहेत. शिवाय सरकारी तिजोरीतून वर्षाकाठी २,००० कोटी मुख्यतः परदेशी प्रकाशकांकडे जात असता देशी भाषांतील नियतकालिकांसाठी तशाच सामूहिक वर्गणीचा विचारही होऊ नये, हे कोणत्या हिशेबात बसते?

लहान प्रकाशकांची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र नाही. अंक उशिरा निघतात, दोन अंकांचा एक जोडअंक होतो, आणि वर्गणी आगाऊ भरूनही अंक हाती न आल्याने लेखापरीक्षक आक्षेप नोंदवतो. त्याला तोंड ग्रंथपालालाच द्यावे लागते. त्यात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांनी सगळ्यांचीच पत घालवली. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. पुढे पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली गेली. खोटे नाणे चलनात आले की खरे मागे हटते, हा ग्रेशमचा नियम येथेही लागू पडतो. फरक इतकाच, की खरे नाणे निदान कोणीतरी जपून ठेवतो.

मग जाते काय? १९४७ पासूनचे ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ ही काही करमणुकीची मासिके नव्हेत. भोसरीच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराची मुलगी मराठी माध्यमातून बी. ए. करते. कंत्राटी मजुरी, भूसंपादन, शेती सुटलेल्या कुटुंबांची स्थिती या तिच्या घरातल्याच विषयांवर तिच्या भाषेत गंभीर विवेचन वाचावयाचे, तर ते अशाच नियतकालिकांत सापडण्याची शक्यता अधिक. संगणकावरील हजारो इंग्रजी नियतकालिकांचा संकेतशब्द तिला मिळतो. टेबलावर पडलेला अंक सहज उचलून चाळण्याची संधी मिळत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. नियतकालिकांच्या तरतुदीतील ठराविक हिस्सा, समजा दहावा, गठ्ठ्याबाहेरच्या भारतीय भाषांतील नियतकालिकांसाठी आधीच बाजूला काढता येईल. परिसरातील पाच-सहा महाविद्यालयांनी नावे वाटून घेऊन अंकांची देवघेव केली, तर एकावर भार पडणार नाही. महानगरपालिकेची वाचनालयेही यात सामील होऊ शकतात. प्रकाशकांनी वर्षाच्या आरंभी अंकांच्या तारखा कळवाव्यात आणि न पोहोचलेला अंक विनातक्रार पुन्हा पाठवावा. या साऱ्याला शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रंथालय समितीचा एक ठराव पुरेसा आहे, आणि तो यादीवर सह्या होण्यापूर्वी मांडावा लागेल.