एक्केचाळीसचा आकडा

गेल्या मंगळवारी रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठले, तर किचनमध्ये लाइट चालू. ओट्यावर मॅगीचं पातेलं, शेजारी लॅपटॉप आणि त्याच्यासमोर डोकं धरून बसलेली माझी रूममेट. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती जावा डेव्हलपर आहे.

“काय झालं गं?”

“एक्केचाळीस.”

“पगारवाढ? एक्केचाळीस टक्के? पार्टी!”

तिने ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून कळलं की पार्टी कॅन्सल.

मॅटर असा होता. कुरिअरचा डिलिव्हरी चार्ज काढणारी एक मेथड, म्हणजे प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा तुकडा, तिच्या वाट्याला आली होती. चार वर्षांत सात-आठ जणांनी तिच्यात हात घातलेला. कस्टमर प्रीमियम असेल तर, कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर, पिनकोड लांबचा असेल तर, दिवाळी ऑफर असेल तर... प्रत्येकाने आपापला ‘इफ’ टाकला आणि नोकरी बदलली. त्या मेथडची कॉम्प्लेक्सिटी भरली ४१. मॅनेजरचं फर्मान : शुक्रवारपर्यंत पंधराच्या वर एकही मेथड नको.

आता ही कॉम्प्लेक्सिटी मोजतात कशी? “मास कॉमवालीला कळेल असं सांग,” मी म्हटलं.

“मिसळ मागवताना काय विचारतात? तिखट हवी का? दही हवं का? जादा पाव? तीन हो-नाहीचे प्रश्न. तीन अधिक एक, चार. झाली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी!”

हा फंडा टॉमस मॅकेब यांचा, १९७६ सालचा. प्रोग्रॅममधल्या वाटा-फाट्यांचा नकाशा काढून त्यांनी हे गणित मांडलं. एका मेथडला १० पर्यंत ठीक, असं त्यांचं मत; पण १० म्हणजे काही जादूचा आकडा नव्हे, हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. हा आकडा सांगतो, की नीट टेस्ट करायला कमीत कमी किती वाटा चालून बघायच्या. प्रत्यक्षातल्या वाटा त्याहून कितीतरी जास्त. तीन प्रश्नांत मिसळीच्या आठ तऱ्हा होतात. दहा सुट्या प्रश्नांना आकडा ११, पण तऱ्हा १०२४. आणि चाळीस प्रश्न एकामागोमाग सुटे असतील तर? एक लाख कोटींहून जास्त. मॅगी गार का झाली, ते आता कळलं ना?

हे सगळं फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल, तर एक उदाहरण. २०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या कोर्टात टोयोटाची गाडी आपोआप वेग घेते, या आरोपावरून खटला चालला. एक्स्पर्ट साक्षीदार मायकेल बार यांनी ज्युरीसमोर हाच आकडा ठेवला. गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नासच्या वर कॉम्प्लेक्सिटी असलेली ६७ फंक्शन्स होती, आणि थ्रॉटलचा कोन ठरवणारं फंक्शन तर शंभरच्याही वर. ज्युरीने निकाल टोयोटाविरुद्ध दिला. अर्थात पुरावा एवढाच नव्हता, आणि त्याआधी २०११ मध्ये नासाच्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नव्हता, हेही सांगायला हवं. पण ‘इफ’ मोजणं कोर्टापर्यंत जाऊ शकतं, एवढं नक्की.

बुधवारी मॅडम खूश. मेथडचे तीन तुकडे केले. नावं काय? पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री! आकडे १४, १४, १५. रिपोर्ट हिरवागार. मी बेरीज करून बघितली (आमचं गणित एवढं तरी बरं आहे), तर ४३. “अगं, दोनने वाढली की!” ती काहीच बोलली नाही. प्रत्येक नव्या मेथडला तो ‘अधिक एक’ पुन्हा लागतो, आणि प्रश्न होते तेवढेच राहतात. खोली आवरायला सांगितली की पसारा बेडखाली ढकलतो, त्यातलाच प्रकार.

शिवाय मॅकेबचा आकडा सगळं सांगतही नाही. तीन ‘इफ’ एकाखाली एक असोत की एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, तो दोन्हींना चारच देणार. वाचणाऱ्याच्या डोक्याला मात्र पोटातले जास्त छळतात. म्हणून सोनारसोर्स कंपनीने ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ असं दुसरं माप आणलं. त्यात सुट्या तिघांना तीन, पोटातल्या तिघांना एक, दोन, तीन मिळून सहा. मला हे माप जास्त माणसाळलेलं वाटतं.

गुरुवारी तिने पार्ट वन-टू-थ्री उडवले आणि पहिल्यापासून बसली. आधी जुन्या ऑर्डरी घेऊन जुनी मेथड काय उत्तर देते ते नोंदवलं, म्हणजे नंतर काही बिघडलं तर लगेच कळावं. मग ऑर्डर रद्द आहे? चार्ज शून्य, तिथूनच बाहेर. प्रीमियम कस्टमर? त्याचा हिशोब करून तोही बाहेर. पोटातले ‘इफ’ असे एकेक वर आले. बारा झोनच्या दरांसाठी बारा ‘इफ’ होते, त्यांच्या जागी एक साधा तक्ता. लांबलचक अटींना सरळ नावं दिली. आता खरोखर वेगळी कामं वेगळ्या मेथडमध्ये गेली आणि सगळ्यात मोठीचा आकडा आला ९.

आणि तेव्हाच ते दिसलं. लांबच्या पिनकोडचे चाळीस रुपये एकदा वर लागत होते आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर खाली, चौथ्या ‘इफ’च्या पोटात, पुन्हा एकदा. दोन वर्षं. त्या पिनकोडांत तिचं स्वतःचं गावही होतं. खालची ओळ कुणी लिहिली, ते तिने हिस्टरीत शोधलं. फ्रेशर म्हणून जॉइन झाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात तिनेच.

कुणाला कळलं नसतं. नव्या मेथडमध्ये ती ओळ गुपचूप गायब करता आली असती, आकडा तर ९ आलाच होता. शुक्रवारी सकाळी ती मेल लिहीत बसली. ज्यांच्याकडून दोनदा पैसे घेतले त्या ऑर्डरींची यादी जोडली, चूक माझी, असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि मॅनेजरला पाठवून दिलं.

मग फोन माझ्याकडे सरकवला. “वाजला तर तू उचल. मी अंघोळीला गेलेय म्हणून सांग.”