मूळ प्रत कुणाकडे आहे?

या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला आणि माझा संताप संताप झाला. झाशीच्या छावणीतल्या क्वार्टरच्या अंगणात मावशीचं हळदीकुंकू. काका तेव्हा फौजेत, बदली झाशीला. मावशी उखाणा घेते आहे, शेजारच्या बायका हसताहेत. पण तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके. नथ कळत नाही, लुगड्याचे काठ कळत नाहीत, उखाण्यातलं काकांचं नाव घरघरीत बुडून गेलंय. मावशी आता नाही, आणि खाली सगळे लिहिताहेत, ‘किती छान!’

मी मावसभावाला फोन लावला. ‘मूळ फाइल कुठंय रे?’

‘ताई, ग्रुपवर आलाय तोच. मला नागपूरच्या वहिनींनी पाठवला.’

वहिनींना इंदूरहून आला होता. इंदूरच्या पुतणीने तो कुणाच्या तरी स्टेटसवरून रेकॉर्ड केला होता. आधी कॅसेट होती, तिची व्हीसीडी झाली, व्हीसीडीची फोनवर फाइल झाली, मग तो फोन विकला. इतक्या घरांत व्हिडिओ आहे आणि मूळ एकाकडेही नाही! कॅसेट झाशीहून आणलेल्या लष्करी ट्रंकेत असेल, असं मावसभावाला वाटतं. आजच बघ, म्हटलं.

यात काय होतं ते थोडक्यात सांगते. एमपी४ हा नुसता डबा. आतलं चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबून भरलेलं असतं. दाबताना बारीक तपशील टाकून दिले जातात. पाठवताना ॲप ते आणखी दाबतं. कुणी कापून, कुणी स्टेटसवरून रेकॉर्ड करून पुढे ढकललं, की दर खेपेला थोडं आणखी जातं, आणि गेलेलं कुठल्याही युक्तीने परत येत नाही. व्हीसीडीचं चित्र तर मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यातून आणखी काय गाळायचं?

झाशी निघाली की मी गोडसे भटजींकडे वळणार, हे माझ्या वाचकांना ठाऊक आहे. वरसईचे हे विष्णुभट दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८ मध्ये ह्यू रोझने झाशीला वेढा घातला तेव्हा शहरात अडकले. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह त्यांनी पाहिला होता. काशीचे विद्वानसुद्धा पोथी हवी असली की इथे येऊन नक्कल करून नेत, असं ते सांगतात. तो संग्रह लुटीत गेला. ज्या पोथ्यांच्या नकला आधी बाहेर पडल्या होत्या त्याच काय त्या वाचल्या असणार, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आणि त्यांच्या स्वतःच्या ‘माझा प्रवास’चं काय झालं? चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पण भाषा सारखी करून, काही मजकूर गाळून. कित्येक वर्षं मराठी माणसाने तेच वाचलं. मात्र भटजींचं मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेलं होतं, म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना त्यांचे खरे शब्द छापता आले. मूळ शिल्लक होतं, म्हणून वाट उलटी चालता आली. नकला हव्यातच, पण त्या मुळावरून केलेल्या हव्यात.

तेव्हा व्हिडिओ खुशाल पाठवा, यूट्यूबवर चढवा. पण ज्या फोनवर घेतला त्यावरची फाइल आधी उतरवून दोन घरांत दोन डिस्कवर ठेवा. नातेवाइकांना पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. जुन्या कॅसेटी असतील तर पुढच्या वर्षावर ढकलू नका: फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि चालू यंत्रं दिवसेंदिवस कमी होताहेत. आणि रूपांतर झालं म्हणून कॅसेट फेकू नका. उद्या याहून चांगली नक्कल निघेल, ती तिच्यावरूनच काढावी लागेल.