आपल्या पदमपूरचा भवभूती : पाटीवरचं नाव की वाचायचा कवी?



मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात मी सहज विचारलं, "भवभूती कोण होता?" थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आमगावच्या कॉलेजचं नाव आहे ना ते?" वर्ग हसला. पण मुलगी चुकली नव्हती. आमगावात भवभूती महाविद्यालय आहेच. आपण तिला नाव दिलं, नावामागचा माणूस मात्र दिला नाही.

आधी एका अमेरिकन कवीची गोष्ट सांगतो. टी. एस. एलियट हा कवी आणि नाटककार १८८८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जन्मला. हार्वर्ड विद्यापीठात त्याने चार्ल्स लॅनमन या प्राध्यापकांकडे संस्कृतचे धडे घेतले. १९२२ च्या 'द वेस्ट लँड' या दीर्घकवितेच्या शेवटच्या भागात त्याने बृहदारण्यक उपनिषदातली मेघगर्जनेची कथा आणली. १९३५ मध्ये 'मर्डर इन द कॅथीड्रल' हे पद्यनाटक लिहिलं आणि १९४८ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

त्याच सुमारास श्रीपाद कृष्ण बेलवलकर हे आपले मराठी पंडितही हार्वर्डमध्ये होते. त्यांनी भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९१५ साली हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत छापलं गेलं. म्हणजे आपला कवी शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकेत पोचला. आमगाव तालुक्यातल्या शाळेत मात्र अजून पोचायचा आहे!

भवभूतीचा परिचय

भवभूती साधारण आठव्या शतकातला. मूळ नाव श्रीकंठ, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. विदर्भातलं पद्मपूर हे आपल्या घराण्याचं गाव, असं त्याने स्वतःच नाटकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. काश्मीरच्या 'राजतरंगिणी'त कनौजच्या यशोवर्मा राजाच्या पदरी असलेल्या कवींमध्ये त्याचं नाव येतं. त्याची तीन नाटकं आज आपल्याकडे आहेत : 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित'.

'उत्तररामचरित' सात अंकांचं आहे. लोकांच्या बोलण्यामुळे राम गरोदर सीतेला वनात सोडतो, इथून कथा पुढे सरकते. बारा वर्षांनी तो पंचवटीत परत येतो. सीता तिथेच असते, पण त्याला दिसत नाही. वासंती ही वनदेवता त्याला तोंडावर जाब विचारते. राजा असला म्हणून काय झालं, सीतेचा दोष काय होता? शेवटच्या अंकात तर नाटकात नाटक आहे. वाल्मीकींनी रचलेला प्रयोग राम प्रेक्षक म्हणून बघतो, आणि ज्या लोकांनी सीतेला नावं ठेवली तेही बघतात.

माझं मत

"चार लोक काय म्हणतील" या एका वाक्यापायी आपल्या गावात किती मुलींची शाळा सुटते, हे आपण शिक्षक रोज बघतो. वासंतीचा प्रश्न म्हणूनच आजचा आहे. तो वर्गात विचारला गेला पाहिजे.

काही सहकारी म्हणतील, "सर, अभ्यासक्रमच संपत नाही, त्यात संस्कृत कोणाला येतं?" अडचण खरी आहे. पण पूर्ण नाटक शिकवा असं मी म्हणतच नाही. झाडीपट्टीत दिवाळी झाली की रात्र-रात्र नाटकं रंगतात. आपली मुलं पोत्यावर बसून पहाटेपर्यंत ती बघतात. नाटक काय असतं हे त्यांना शिकवावं लागत नाही. तिसऱ्या अंकातला राम-वासंतीचा प्रसंग घ्या, मुलांना सोप्या मराठीत, झाडीबोलीत किंवा पोवारीत स्वतः लिहू द्या आणि स्नेहसंमेलनात वीस मिनिटांचा प्रयोग करा. एक गंमतही सांगा. भवभूतीच्या नाटकात विदूषक नाही. विनोदी पात्राशिवाय झाडीपट्टीचं प्रेक्षक बसेल का, यावर मुलं तासभर भांडतील!

एलियट वाचू नका असं मी म्हणत नाही, जरूर वाचा. दूरच्या भाषेतलं काही आपलं मानून शिकायचं असतं, हे त्याच्याकडूनच शिकण्यासारखं आहे. आपल्याला तर तेवढं दूर जायचंही नाही. पदमपूर सायकलच्या अंतरावर आहे.

पुढच्या वर्षी मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. तेव्हा निदान एखाद्याने तरी म्हणावं, "सर, ज्याने रामाला जाब विचारायला लावला, तो भवभूती."