बेटावरचे गोड पाणी

"पुन्हा मालवणच?" रजेचा अर्ज पुढे केला की शाखेतले सहकारी हसून विचारीत. एलएफसीवर कोणी काश्मीर पाहून आलेले असे, कोणी कन्याकुमारी. आम्ही मात्र १९८८ साली सिंधुदुर्ग किल्ला पाहिला आणि पुढे जमेल तेव्हा तिकडचीच वाट धरली. हिंगोलीहून मालवण म्हणजे सारा महाराष्ट्र आडवा ओलांडणे. निवृत्तीनंतरही तो नेम सुटलेला नाही.

त्याच जागी पुन्हा काय पाहायचे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात तरी पडू नये. नामदेव महाराजांच्या नरसीहून पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला "गेल्या वर्षी पाहिली ना पंढरी?" असे कोणी विचारीत नाही. पाहून झाले म्हणून जाणे थांबत नाही.

मला त्या बेटाकडे ओढतात तिथल्या विहिरी. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याची पायाभरणी केली. चोहोकडे खारा समुद्र आणि तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. पहिल्या खेपेस मुले तटावरून लाटा पाहत होती. मी विहिरीच्या काठावरून हललो नाही. कयाधूच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीने घागर भरलेल्या माणसाला समुद्राचे नवल दोन दिवस पुरते. या पाण्याचे अजून संपलेले नाही.

बेटावर पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके म्हणून त्याच्यावर तरंगून राहते. बेताने उपसले तर टिकते. हाव सुटली की खालचे खारे पाणी वर येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर भागवावे, मुद्दलाला हात लावू नये.

आम्ही मराठवाड्यात नेमके मुद्दल खाल्ले. बोअर खोल खोल नेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. एकदा साखरबावेपाशी सौ. म्हणाली, "अहो, आपल्या गावच्या बारवेत केर टाकायला सुरुवात आपणच केली ना? नळ आला तेव्हा?" मी गप्प राहिलो. तिचे खरे होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे. आता गर्दी वाढेल. येणाऱ्याने पाण्याच्या रिकाम्या बाटल्या निदान परत न्याव्यात. गोड्या पाण्याच्या बेटावर त्यांचा ढीग शोभत नाही.

पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. त्या सुरू झाल्या की आम्ही दोघे निघूच. पण त्याआधी एक काम उरकायचे आहे. बारवेतला गाळ काढण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचा आहे. तो न मांडता त्या विहिरीच्या काठावर पुन्हा उभे राहणे आता जड जाईल.