टोकियोत न चाललेली घाई

टोकियोत भाड्याने घर घ्यायचे म्हणजे खिशाला मोठी चाट. महिना-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत, घरमालकाचे आभार म्हणून द्यायची आणि कधीच परत न मिळणारी 'रेइकिन' नावाची रक्कम, दलालाचा वाटा, जामीनदार किंवा हमी देणारी कंपनी आणि वर साधारण दोन वर्षांचा करार. २०१९ मध्ये भारतीय हॉटेल कंपनी 'ओयो'ने याहू जपानशी भागीदारी करून 'ओयो लाइफ' सुरू केली, तेव्हा हा सगळा जाच एका फटक्यात काढून टाकला. अनामत नाही, रेइकिन नाही, घरात सामानसुमान तयार, करार मोबाइलवर. कागदावर पाहिले तर तरुण भाडेकरूंच्या उड्याच पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात वर्ष सरायच्या आत याहू जपान या भागीदारीतून बाहेर पडली. २०२२ मध्ये ओयोच्या तिथल्या हॉटेल व्यवसायाचे नावही बदलून 'टॅबिस्ट' झाले.

कोविडचा तडाखा बसला हे खरेच. पण याहू जपान त्याआधीच निघाली होती.

रेइकिन कुणालाच आवडत नाही, जपान्यांनाही नाही. तरी त्या कागदपत्रांच्या थप्पीतून मालकाला भाडेकरूची खात्री पटते आणि मधला गल्लीतला दलाल दोघांनाही ओळखत असतो. ओयोने तो दुवाच काढला आणि खात्रीचा भार स्वतःच्या अंगावर घेतला. घरे आधी कंपनीने भाड्याने घ्यायची, सजवायची आणि मग पुढे द्यायची. हा खर्च अर्थातच मासिक भाड्यात चढतो. दोन-चार महिने राहणाऱ्याला ते परवडते; वर्षभर राहणारा माणूस हिशेब करतो आणि निमूटपणे जुन्या वाटेने जातो.

हॉटेलांच्या बाबतीत दुखणे वेगळे होते. खोलीचे भाव सतत वरखाली करणारी संगणकी यंत्रणा आणि कराराच्या अटी बदलल्याच्या तक्रारी, यांच्या बातम्या जपानमधून येत राहिल्या. यावर 'जपानी माणूस शब्दाला जागणारा' वगैरे पाठ ऐकवायचा मोह होतो. पण भारतातल्या हॉटेलमालकांनीही ओयोविरुद्ध आंदोलने केली, त्यांची संघटना स्पर्धा आयोगापर्यंत गेली. तेव्हा सगळे खापर जपानी संस्कृतीवर फोडण्यात अर्थ नाही. आपला माणूस भांडतो, तडजोड करतो आणि ती वेळ निभते. परक्या देशात तेवढी मुदत मिळत नाही, इतकाच फरक.

यातली गंमत अशी की, लोकांच्या सवयींशी जुळवून घेण्याचा हाच धडा भारताने आधी एका अमेरिकी कंपनीला दिला होता. २०१३ मध्ये 'उबर' बंगळूरला आली ती क्रेडिट कार्डाच्या भरवशावर. पैशाला हात न लावता गाडीतून उतरायचे, हेच तिचे वैशिष्ट्य. ज्या देशात बहुतेकांकडे क्रेडिट कार्डच नव्हते आणि 'सुट्टे नाहीत' यावरून रोज हुज्जत व्हायची, तिथे हे कितीसे चालणार? पुढच्याच वर्षी कार्ड व्यवहारांना दुहेरी पडताळणी हवीच, अशी रिझर्व्ह बँकेने ताकीद दिली. मग पेटीएम आले आणि अखेर मे २०१५ मध्ये हैदराबादेत उबरने रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली. अभिमान गिळून घेतलेला हा निर्णय इतका फळला की, कंपनीने तो पुढे इतर देशांतही नेला.

मुंबईत जन्मलेल्या 'ओला'ला ही अक्कल आपोआप होती. तीच ओला २०१८ मध्ये ब्रिटनला गेली, २०२० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर आली आणि काही महिन्यांतच तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने परवाना नाकारला. कारण, परवाना नसलेल्या चालकांनी आणि वाहनांनी हजाराहून अधिक फेऱ्या केल्या होत्या. 'आधी सुरू तर करू, कागद नंतर बघू' ही आपल्याकडची सवय लंडनमध्ये थेट प्रवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न ठरते. एप्रिल २०२४ मध्ये ओलाने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे तिन्ही देश सोडले.

पुण्याशी नाते असलेल्या 'ड्रुवा' किंवा 'आयसर्टिस'सारख्या कंपन्यांना हे फारसे सोसावे लागले नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्यांची कार्यालये. मुख्यालय अमेरिकेत, अभियंते पुण्यात, हा संसार बरा चालतो. घर, गाडी, जेवण विकणाऱ्याला मात्र थेट लोकांच्या सवयींशी गाठ असते.

ओयोने दुसरी वाटही धरली आहे. युरोपात तिने सुट्टीतली घरे भाड्याने देणारा चालता व्यवसाय विकत घेतला आणि 'बेलव्हिला', 'डॅनसेंटर' ही नावे तशीच ठेवली. २०२४ मध्ये अमेरिकेतील 'मोटेल ६' ५२.५ कोटी डॉलरना घेतले. १९६२ पासूनची ती पाटीही कायम आहे. तिथे एक गोष्ट पथ्यावर पडणारी आहे: अमेरिकेतल्या मोटेल व्यवसायात गुजराती पटेलांचा कित्येक दशकांपासून मोठा दबदबा आहे.

परदेशी निघालेल्या पुण्या-मुंबईच्या संस्थापकांनी गुंतवणूकदारांसाठी 'किती महिन्यांत किती देश' हा तक्ता खुशाल करावा. पण 'हे इथे चालणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार असलेला त्या देशातला एक माणूस पहिल्याच महिन्यात नेमावा आणि त्याचे म्हणणे संचालक मंडळाच्या बैठकीत ऐकून घ्यावे.