ताळा जमला, तरी…

ऐंशीच्या दशकात मी बँकेत लागलो, तेव्हा महिनाअखेर आली की आमच्या पोटात गोळा यायचा. लेजरमधली प्रत्येक खात्याची बाकी कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि जनरल लेजरशी ताळा घालायचा. फरक हमखास निघे. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे, ही युक्ती आमच्या जुन्या हेडकॅशियरनी शिकवली होती. जून-डिसेंबरच्या व्याजआकारणीत तर मुलांचे चेहरेही दिसत नसत.

ते सगळे आता संगणक एका रात्रीत उरकतो. गेलेल्या त्या दिवसांसाठी मी उसासे टाकणार नाही. त्यात थोर असे काही नव्हते, नुसती पाठदुखी होती.

पण एक चूक ताळ्यात कधीच सापडत नसे. एका जाधवाचा भरणा दुसऱ्या जाधवाच्या खात्यात गेला, तरी बेरीज चोख जमायची. ती चूक सापडे ती पहिला जाधव पासबुक घेऊन काउंटरवर आला म्हणजे. ताळा जमणे वेगळे आणि हिशेब खरा असणे वेगळे, हे मी तिथे शिकलो.

हे आठवायचे कारण आमचा सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तीत काय पिकते. महाराष्ट्रातले असे सुमारे अडीच कोटी उतारे हस्तलिखितावरून संगणकात उतरवले गेले. २०१७ च्या उन्हाळ्यात, ते ताडून पाहण्यासाठी, गावोगाव चावडीवाचन झाले. मुळाकाठच्या आमच्या गावी मीही गेलो होतो. भाऊसाहेब, म्हणजे आमचे तलाठी, एकेक गट वाचत होते. आमच्या आजोबांच्या गटाचे क्षेत्र त्यांनी दोन हेक्टर चार आर असे वाचले. मी मान डोलावली. एवढ्यात बांधाशेजारचे आबा उठले.

"भाऊसाहेब, बांध तर हाये तिथंच हाये. मग रान कुठं गेलं?"

जुना उतारा काढला. दोन हेक्टर चाळीस आर! चाळीसचे चार झाले होते. फरक छत्तीसचा, नऊने भाग जाणारा. जन्मभर ताळे घातलेला मी गप्प बसलो होतो आणि जवळपास एकरभर जमीन एका शून्याने खाल्ली होती. एकूण क्षेत्रात आणि आजोबांच्या नावापुढे, दोन्हीकडे तोच आकडा होता. संगणकाच्या लेखी सारे ठीकच होते.

आता कारभार आणखी सोपा झाला आहे. खरेदीखत नोंदले गेले की फेरफाराची सूचना आपोआप तलाठ्याकडे जाते. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. तालुक्याला घातलेले हेलपाटे ज्याला आठवतात, तो याला नावे ठेवणार नाही.

मात्र आता चुकीलाही पाय फुटले आहेत. जुन्या वहीतली चूक वहीतच पडून राही. आजची चूक पीककर्ज, पीकविमा, अनुदान अशी सगळीकडे फिरून येते. दुरुस्तीसाठी १९६६ च्या महसूल संहितेतले कलम १५५ आहे, पण चूक आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवी. उतारा घरात छापून कपाटात ठेवला, तर आबा उठून उभे राहणार कुठे?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की यंत्राने वाचवलेल्या वेळातला एक दिवस वाचनाला द्यावा. चावडीवाचन एखाद्या मोहिमेपुरते न राहता दरवर्षी, ठरल्या दिवशी व्हावे. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो. विहिरीला किती पाणी आहे हे माहीत असलेली माणसेच तो ऐकायला बसलेली असतात. जमिनीचा ताळेबंदही असाच मांडता येईल.

तोवर घरातला उतारा आज बाहेर काढा आणि आजीसमोर मोठ्याने वाचा. नावे, क्षेत्र, बोजा, सगळे. आजीला अक्षर येत नसेल, पण बांध कुठे आहे हे तिला ठाऊक असते.